कुसुमनं दिलेलं माझं उत्तर

मागच्या महिन्यात तासगावकडची एक बाई पत्ता शोधत आमच्या दारात आली. तिच्या नवऱ्याचे हातपाय आठ दिवसांत लुळे पडले होते, घशात नळी होती आणि डोळ्यांशिवाय काही हलत नव्हतं. असलाच आजार काढून एक मास्तर हिंडता-फिरता झालाय, असं तिला आमच्या कॉलेजच्या शिपायानं सांगितलं होतं. ती पायरीवरच बसली. पाणी नको म्हणाली, चहा नको म्हणाली. एवढंच विचारलं, "सर, त्यास्नी ऐकू येत असंल का वो?"

"येतं," मी म्हणालो. "सगळं ऐकू येतं."

तिला रडू कोसळलं. गेल्या पंधरा दिवसांत त्याच्या उशाशी बसून घरची माणसं काय काय बोलून गेली, ते तिला आठवलं असणार. त्याच्याशी बोला, त्याला विचारा, तो डोळ्यांनी सांगेल, असं मी तिला समजावून दिलं. पण तिला मी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं वडील होते तोवर कुणालाच सांगता येत नव्हतं. आता ते नाहीत, म्हणून लिहायला बसलोय.

*

आणीबाणीचं वर्ष होतं, संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मी सांगलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो. आमचं गाव औंधजवळचं, घर शेतकऱ्याचं, आणि वडील, म्हणजे आबा, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. घराण्यात हातात खडू धरणारा मी पहिला. त्यामुळे मला स्वतःचं जरा जास्तच कौतुक होतं.

व्यक्तिमत्त्वाच्या पेपरात एक प्रकरण माझ्या विशेष आवडीचं होतं. माणसाला चाचण्या लावून बाहेरून मोजू नका, त्याला जग आतून कसं दिसतं ते बघा, असं त्याचं सार. आपल्या अनुभवातलं ज्याचं त्याला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कुणाला कळत नाही. म्हणून त्यालाच विचारा, अटी न घालता ऐकून घ्या, त्याची वाट त्याला सापडते. मी हे चार वर्षं घडाघडा सांगत होतो आणि मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. 'त्यालाच विचारा' हे वाक्य मी दरवर्षी दोनदा सांगायचो, कारण त्यावर हमखास प्रश्न यायचा. त्या चार वर्षांत वर्गाला मी स्वतः काही विचारल्याचं मात्र आठवत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्या दिवशी फळ्यावर 'बिनशर्त स्वीकार' लिहिताना खडू बोटांतून निसटला. उचलायला वाकलो तो उठता येईना. मुलं हसली, मीही हसलो. तळपायाला दोन दिवस मुंग्या येत होत्या, ते मी सायकलच्या माथी मारलं होतं. टेबलाला धरून उभा राहिलो आणि तास पुरा केला. जिना उतरायची वेळ आली तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. दोन प्राध्यापकांनी उचलून टांग्यात घातलं. हळदीच्या पेठेतून टांगा जात होता आणि उद्याच्या तासाचं काय करायचं, याचीच मला काळजी लागली होती.

दुसऱ्या दिवशी हात उचलेना. तिसऱ्या दिवशी पाणी नाकातून परत आलं. चौथ्या दिवशी घशाला भोक पाडून नळी बसवली आणि माझा आवाज गेला. त्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्या पायथ्याशी उभं राहून आबांना सांगितलं.

"नसांना सूज आलीय. पायांकडून वर चढते. तिथंच थांबली तर हळूहळू उतरेल, आणखी चढली तर अवघड आहे. ह्याला औषध असं नाही, नुसतं सांभाळायचं. कफ काढत राहायला पाहिजे."

आबा टाचा जुळवून उभे होते. "जी साब," म्हणाले. आयुष्यभर साहेबापुढे दोनच शब्द बोलायची सवय. जगेल का मरेल, हे त्यांनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी मात्र तेवढंच ऐकायला कान लावून पडलो होतो.

*

वॉर्डातला दिवस पहाटे अंग पुसण्यानं सुरू व्हायचा. मग नाकातल्या नळीतून पातळ पेज. मग दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर. आणि मध्ये मध्ये ते पायानं दाबायचं कफाचं मशीन. नळी घशात उतरली की जीव गुदमरायचा, बाहेर आली की सुटल्यासारखं वाटायचं. पण खरी भीती मशीनची नव्हती. कफ दाटून आला आणि सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी असली तर हाक मारता यायची नाही, ही होती. घरघर वाढत जायची, मला ती ऐकू यायची, आणि कुणाचं तरी लक्ष जाईपर्यंत मी वाट बघायचो. असली वाट मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

मान वळत नव्हती. समोरच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचं पोस्टर होतं, लाल त्रिकोण आणि खाली हसणारे आईबाप, दोन मुलं. दिवसातले सहा-सात तास मी त्या चौघांकडे बघायचो. त्यांच्याइतका राग मला आजवर कुणाचा आला नाही.

भेटायला येणारे दोन प्रकारचे. काही जण मी बहिरा झाल्यासारखे कानाशी ओरडायचे, काही जण मी गेल्यासारखे कुजबुजायचे. कुणी शहाळं आणलं, कुणी पेढे. गिळता येत नसलेल्या माणसापुढे पेढ्याचा पुडा ठेवून गावाकडची एक मावशी म्हणाली, "लय हुशार हुता गं." हुता. माझा भूतकाळ झाला होता आणि मी तिथंच होतो.

सिस्टर मला 'सात नंबर' म्हणायची. तिचा दोष नाही, सात नंबरच्या खाटेवर मीच होतो. पण मी बोलणारा माणूस होतो. बोलणं गेल्यावर माझ्यापाशी मी म्हणून काय उरलं, हे मला सापडेना. वर्गात ह्याला 'आत्मसंकल्पना' म्हणतात, पाच मार्कांची टीप. तिथं पडल्यापडल्या मला ती टीप एकदासुद्धा उपयोगी पडली नाही. मी नुसता घाबरलो होतो, दिवसभर, न थांबता.

आबा मात्र रोज सकाळी माझी दाढी करायचे. फौजेतला वस्तरा, फौजेतला ब्रश. गाल ताणून धरून कल्ले सारखे करायचे. ती दहा मिनिटं मला बरं वाटायचं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

*

आई गुरांमागं गावीच अडकली होती. कुसुम, माझी बायको, पहिल्या दिवसापासून वॉर्डातच होती. पण मला दिसायची ती तिची पाठ.

आमच्याकडे सासऱ्यासमोर सून नवऱ्याशी बोलत नाही, त्याच्याकडे बघतही नाही. नियम कुणी केलेला नाही, चाल आहे. सांगलीच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच असायचो तेव्हा ती मला 'मोठ्ठं मानसशास्त्र' म्हणून चिडवायची, माझ्या ताटातला पापड पळवायची. आबा आले आणि तिचा पदर कपाळावर आला. आबा दिवसभर माझ्या उशाशी स्टुलावर, पहाऱ्यावर बसल्यासारखे. ती पायथ्याच्या बाजूला खिडकीकडे तोंड करून उभी. पाण्याचा तांब्या द्यायचा तरी मागच्या मागे हात करून द्यायची.

मला ते माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच घरात वाढलो होतो. पण आठ-दहा दिवस रोज पाठच बघितली की माणूस शहाणपण विसरतो. हिनं माझी आशा सोडली, असं मला वाटायला लागलं. गंमत म्हणजे आबांनाही तेच वाटलं. आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, गावाहून आले तेव्हा आबा त्यांना माझ्या डोक्यावरूनच म्हणाले, "सूनबाई तोंड फिरवूनच हुबी असती. बायकास्नी आधी कळतं, तात्या." तिनं तोंड फिरवलं होतं ते त्यांचाच मान राखायला, हे फौजेत हवालदारी केलेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये!

पुढं आबा सकाळी दहाला आवारातल्या नळावर आंघोळीला जायला लागले. तेवढी पंधरा मिनिटं कुसुम माझी. पहिल्याच दिवशी ती झपाट्यानं खाटेजवळ आली आणि तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. ती रडली नाही. म्हणाली, "वर बघा." मी वर बघितलं. "खिडकीकडं बघा." बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता वर म्हंजी व्हय, खिडकीकडं म्हंजी न्हाई. तहान लागली?" खिडकी. "दुखतंय?" वर. "पाय?" खिडकी. "कान?" वर. उजवा कान उशीत दुमडून राहिला होता, सकाळपासून आग होत होती. तिनं तो सोडवला. बाकी सगळ्या आजारपणात इतकं सुख मला कशानं झालं नाही.

तिनं सिस्टरला सांगून बघितलं. सिस्टर म्हणाली, डोळे सगळ्यांचेच फिरतात. आबांना ती सांगणार कसं? लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि 'जेवायला वाढलंय' ह्यापलीकडे ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती, तोही दाराआडून.

*

तीन आठवडे झाले. सूज चढेना आणि उतरेनाही. छातीत कफ वाढला. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही.

मग तात्या पुन्हा आले. ह्या वेळी त्यांच्या कपाळाला अंगारा होता. गावच्या देवाला कौल लावून आले होते. आमच्याकडे गुरव देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो, उजवी आधी पडली तर देव 'होय' म्हणाला.

"उजवी पडली, दादा," तात्या म्हणाले. "हात काढायचा आवकाश, लगीच पडली."

"काय इचारलंस?"

"घरी आणावं का, म्हणून."

आबांनी माझ्या पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "फौजी दवाखान्यात लय माणसं जाताना बघितली मी. हाताशी कुणी न्हाई, माती परकी. माझ्या पोराचं तसं हुया नगं."

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, न्यायचं तर न्या, पण कफ काढायची सोय तिथं नाही, दोन दिवससुद्धा निघायचे नाहीत. आबा "जी साब" म्हणाले. तात्यांच्या ओळखीची जीप गुरुवारी सकाळी यायची ठरली. हे सगळं माझ्या छातीच्या हातभर वर ठरलं. घरी नेणं म्हणजे मरायला नेणं, हे तिघांनाही ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. गाव, सोयरे, देव, डॉक्टर, सगळ्यांना विचारून झालं होतं, आणि ज्याचा जीव होता तो मधोमध पडून ऐकत होता. आत मी ओरडत होतो, मला विचारा, अरे मला विचारा!

*

गुरुवारी जीप आली. तात्या चादर घेऊन उभे राहिले, वॉर्डबॉयनं स्ट्रेचर आणलं. आबांनी वस्तरा पिशवीत टाकला.

तेवढ्यात खिडकीकडची पाठ वळली.

"मामंजी."

आबांनी चमकून बघितलं. तात्यांच्या हातातली चादर तशीच राहिली. कुसुमचा पदर कपाळावरच होता, नजर जमिनीवर होती, पण आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढा होता.

"त्यास्नी इचारा की. त्यास्नी सगळं कळतंय. डोळ्यानं बोलत्यात माझ्यासंगं. जायचं का न्हाई ते त्येंचं त्येंनाच सांगू द्या."

"सूनबाई!" तात्या म्हणाले. "द्येवाचा कौल झालाय."

"द्येवाचा झाला. ह्येंचा राहिलाय."

मला वाटलं आबा तिला घालवून देणार. आबांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग स्टुलावरून उठले, बाजूला सरकले आणि म्हणाले, "इचार."

ती माझ्यावर वाकली. पदर दोन्हीकडून खाली आला आणि मला तिच्या चेहऱ्याशिवाय काही दिसेना. तिला आबांसमोर इतक्या जवळून मी कधीच बघितलं नव्हतं. ओठ कोरडे पडले होते.

"घरी जायचं?"

आता खरं लिहितो. ह्या एका प्रश्नासाठी मी तीन आठवडे तडफडलो होतो. आणि तो आला तेव्हा मला कळलं की माझं उत्तर 'होय' आहे. मला जगण्याचा कंटाळा आला नव्हता, मला त्या नळीचा कंटाळा आला होता. त्या घरघरीचा, त्या वाट बघण्याचा. घरी न्यावं, आईच्या हातात हात असावा आणि एकदाचं संपावं. मी डोळे वर केले. चुकू नये म्हणून दोनदा वर केले.

कुसुमनं बघितलं. दोन्ही वेळा बघितलं.

ती सरळ उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "न्हाई म्हंत्यात."

*

जीप माझ्याशिवाय परत गेली. तात्या तिच्यातूनच निघून गेले आणि त्यांनी पुढे वर्षभर आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. आबांनी पिशवीतला वस्तरा परत काढून खिडकीत ठेवला.

मी संतापलो होतो. संतापलेला माणूस काहीतरी फेकतो, दार आपटतो, निदान तोंड फिरवतो. मला ह्यातलं काहीच करता येत नव्हतं. चार वर्षं ज्या वाक्यावर तास घेतले ते पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबाबतीत खरं केलं, आणि माझं उत्तर माझ्या देखत फिरवलं. 'मी होय म्हणालोय' हे सांगायला माझ्यापाशी एकच भाषा होती आणि ती फक्त तिलाच येत होती. इतका असहाय मी नळी घालतानाही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती आली, म्हणाली, "कान दुखतोय?" मी पोस्टरकडे बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी तेच. दहा दिवस तिनं विचारलं आणि दहा दिवस मी त्या हसणाऱ्या चौघांकडे बघत राहिलो. ती रोज कान सोडवायची, उशी नीट करायची आणि पाऊल वाजलं की पाठ करून खिडकीशी जायची.

अकराव्या दिवशी दाढी करताना माझा खांदा हलला. आबांच्या हातातला वस्तरा खाली पडला. तिथून पुढचं सांगण्यासारखं फार नाही. घशातली नळी दीड महिन्यानं निघाली, पहिला शब्द 'पाणी' होता, दिवाळीला मी काठी घेऊन अंगणात चाललो. डाव्या पायात थोडी ओढ अजून आहे.

*

गावात मी वाघ ठरलो. आबा चावडीवर बसून सांगायचे, "मरण दारात जीप घिऊन हुबं हुतं. माझं पोरगं डोळ्यानं न्हाई म्हणालं! रगात हाय फौजीचं." शाळेत झेंडावंदनाला मला खुर्ची मिळाली. पोरांना उभं करून गुरुजींनी माझी जिद्द सांगितली. मी खुर्चीत बसून ऐकून घेतलं. काय करणार होतो? आबांना पेन्शनपेक्षा त्या गोष्टीचा आधार होता. कॉलेजातही मी परत तेच प्रकरण शिकवायला लागलो, फक्त 'त्यालाच विचारा' ह्या ओळीपाशी आवाज खाली यायचा आणि मुलांना वाटायचं, सरांच्या घशाला अजून त्रास होतो.

कुसुमशी मी बोलत होतो, हसत होतो. तेवढं एक सोडून. ती चुकली असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. पदराचा अंधार होता, घाई होती, माझे डोळे धड हलले नसतील. तिला विचारलं असतं तर हे समजावणं संपलं असतं.

गेल्या साली आबा गेले. तेरावं उरकून आम्ही सांगलीला परतलो. दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो.

"कुसुम, त्या गुरुवारी मी डोळं वर केलं हुतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"म्हंजी तुला कळलं हुतं?"

"न कळायला काय झालं? दोनदा केलं हुतं."

"मग 'न्हाई म्हंत्यात' का सांगितलंस?"

तिनं एक काडी टाकली, दुसरी घेतली. मग काडी तशीच हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"द्येवाला इचारलं. डाक्टरला इचारलं. मीच भांडून तुमाला इचारायला लावलं. मला कुणी इचारलं हुतं? मला तुमाला न्यू द्यायचं न्हवतं. माझं म्हणून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं का? म्हणून तुमचं म्हणून सांगितलं."

मला लाज वाटली. त्या खाटेवर पडून 'मला विचारा' म्हणून आत ओरडत होतो तेव्हा खिडकीपाशी आणखी एक माणूस उभं आहे, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. आणि आजार उतरल्यावर एवढ्या वर्षांतही आलं नव्हतं.

"बरं, आता इचारतो," मी म्हणालो. "तिथं हुबी असताना तुला काय वाटत हुतं?"

तिनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "आता एकदम इचारलं तर काय सांगू वो?" म्हणाली.

"सावकाश सांग. मी थांबतो."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. नुसती माझ्याकडे बघत राहिली. डोळे उघडे होते, माझ्यावरच होते, भरून आले होते. मी कितीतरी वेळ त्यांच्यात बघत राहिलो. मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना.